काकू म्हणते, अजून

माझ्या लेकीचे हात मी घासत होतो. कातडं निघायला आलं होतं. आणि मी हसत होतो.

हे हसणं मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही. भावाला नाही. अंबाजोगाईच्या दवाखान्यातल्या मॅडमना शेवटी सगळं सांगितलं, पण हे एवढं तिथंही गाळलं. आता पन्नाशीला आलो. लिहितो.

तेलगावपासून आत आमचं गाव. गावात शिरताना पहिलं दिसतं ते दादांचं घर. ऊस, कापूस, ट्रॅक्टर, पंचायतीपासून कारखान्यापर्यंत त्यांचा शब्द. मी त्यांच्या गाडीवर ड्रायव्हर होतो. आम्ही मातंग. गावाच्या तोंडानं बोलायचं तर मांग. वस्ती ओढ्याच्या पलीकडं. पण दादांची गाडी माझ्या हातात म्हणून वस्तीत मला मान होता. गेवराईपासून परळीपर्यंत कुठल्या पुढाऱ्याच्या घरी किती वेळ बसायचं ते मला तोंडपाठ होतं.

स्टिअरिंगला माझा हात चालायचा. दाराला चालायचा. दादांच्या बॅगेला, त्यांच्या झोपलेल्या नातवाला उचलून आत न्यायलाही चालायचा. पाण्याला चालत नव्हता. हे कुणी सांगत नाही. माहीत असतं. माझ्या बापाच्या वेळी वरून ओंजळीत ओतायचे. आता जमाना सुधारला. पाहुण्यांना स्टीलच्या पेल्यात चहा, मला कागदी कपात. पिऊन झाला की चुरगाळून टाकायचा. बरीच वर्षं मी समजत होतो की ही सोय आहे.

भादव्यातल्या महालक्ष्म्या. जेवणाचा दिवस. घरी कांता, माझी बायको, तापानं पडलेली, म्हणून लेकीला बरोबर घेऊन गेलतो. सोनी तिसरीत होती. गाडीच्या सावलीत बसून राहा, म्हणालो. बसली. मी पाहुण्यांच्या गाड्या लावून देत होतो. ओट्यावर तांब्याची घागर होती. सोवळ्यात भरलेली, नैवेद्याच्या पाण्याची. वर झाकण, झाकणावर फुलपात्र. पोरीला तहान लागली. तिनं घरी करते तेच केलं. फुलपात्र घेतलं, घागरीत बुडवलं, घटाघटा प्यायली.

कुणी ओरडलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं असं मला पुढं पुष्कळदा वाटलं.

काकू बाहेर आल्या. दादांच्या मंडळी. सगळं गाव त्यांना काकू म्हणतं, मीही म्हणायचो. आवाज कायम मऊ. कुणाला शिवी दिलेली मी ऐकली नाही.

"अगं बया," त्या म्हणाल्या. "असू दे, असू दे. मारू नको तिला. लेकरू हाय."

माझा हात मारायला वर गेला होता, हे मला त्यांच्या बोलण्यावरून कळलं.

"हात तेवढे धू तिचे. मी वतते, तू चोळ."

त्यांनी तांब्या आणला. भांडी घासायची पावडर आणली. तांब्या उंच धरला. खाली कुठं लागायला नको म्हणून खांद्याएवढा उंच. तिथून धार सोडली. मी पावडर लावून लेकीचे हात चोळायला लागलो.

"अजून," काकू म्हणाल्या.

मी अजून चोळले.

"नखांत बघ. अजून."

ओसरीवर दादा पाहुण्यांबरोबर बसले होते. म्हणाले, "काय बे, लेकीला रीतभात शिकवली न्हाईस का?"

पाहुण्यांतला एक बोलला, "इंग्लिश शाळंत घातली असंल."

सगळी ओसरी हसली. आणि मी हसलो. "चुकलं दादा," म्हणालो. "शहाणी हाय तशी. तहानंनं इसरली." खाली हात चोळत होतो, वर दात काढत होतो. काकू "अजून" म्हणत होत्या. पाणी लाल झालं नव्हतं, पण बोटांची पेरं लाल झाली होती. सोनी हाताकडं बघत नव्हती. माझ्या तोंडाकडं बघत होती.

घागरीतलं पाणी म्हशींच्या हौदात ओतलं. म्हशी प्यायल्या.

निघताना काकूंनी पुरणपोळ्या दिल्या. प्लास्टिकच्या पिशवीत, वरून सोडून. "लेकराला खाऊ घाल रे," म्हणाल्या. मी त्यांच्या पाया पडलो. म्हणजे पायापासून हातभर लांब जमिनीला हात लावला. घरी पोळ्या मी खाल्ल्या, कांतानं खाल्ल्या. सोनीनं खाल्ली नाही. पोट दुखतंय म्हणाली. कांताला काही सांगितलं नाही. मी नाही, पोरीनंही नाही.

मग पोरगी हात धुवायला लागली.

पहिल्यांदा आम्ही खूश झालो. खोटं कशाला सांगू? शाळेत तिला स्वच्छ विद्यार्थिनी म्हणून बक्षीस मिळालं. साबणदाणी आणि टाळ्या. वर्गाच्या बाईंनी तिचे हात वर करून सगळ्यांना दाखवले. मी दादांनाही सांगितलं. दादा म्हणाले, "चांगलं हाय की."

मग हातांना भेगा पडल्या. भेगांतून रक्त यायला लागलं. पोरगी थांबेना. बरं, स्वतःच्या हातानं तांब्या घेऊन धुतले तर तिला चालायचं नाही. कुणीतरी वरून ओतायचं. ती चोळायची. चोळता चोळता विचारायची, "झालं का?" झालं म्हटलं की थोडा वेळ थांबायची, तोंड वाकडं व्हायचं, आणि म्हणायची, "अजून."

आईच्या पेल्याला हात लावेना. भावकीतलं तान्हं पोर मांडीवर घेईना. माठाला चुकून कोपर लागलं तर माठ ओतून द्या म्हणून जमिनीवर लोळायची. आमच्या वस्तीत उन्हाळ्यात पाणी टँकरनं येतं. बायका भांडणं करून एकेक घागर भरतात. असा भरलेला माठ आमच्या दारात ओतायचा, आणि शेजारच्या बायका बघत राहायच्या. कांतानं तिला मारलं. उलथन्यानं मारलं. मारताना कांता रडायची आणि पोरगी म्हणायची, "मार, पण माठ वत."

कांताचे हात मारायला असायचे, माझे ओतायला. मी दयाळू बाप. कामावरून आलो की तांब्या घेऊन बसायचो. वस्तीत लोक म्हणायचे, बाप लई जीव लावतो पोरीला.

देवऋषी झाला. लिंबू झालं. बीडला एका खाजगी डॉक्टरकडं नेलं. त्यानं पोरीच्या हाताकडं पाहिलं, माझं आडनाव वाचलं आणि म्हणाला, "तुमच्या लोकांत एवढी स्वच्छता आली तर चांगलंच आहे की." बाहेर बसलेली त्याची नर्स हसली. मी हसलो. सवयच होती. मलम लिहून दिलं.

दादांना कुणीतरी सांगितलं. ते मागच्या सीटवर, शेजारी त्यांचे एक दोस्त. दादा म्हणाले, "ऐकलं का? मांगवाड्यात सोवळं आलं बे! ड्रायव्हरची पोरगी आईच्या हातचं बी शिवून घेईना." तो दोस्त इतका हसला की त्याला ठसका लागला. दादांनी मला गाडी बाजूला घ्यायला लावली, त्याला पाणी दिलं. मी आरशात बघत होतो. आरशात माझेही दात दिसत होते.

अंबाजोगाईचा रस्ता शाळेच्या त्याच बाईंनी दाखवला. परीक्षेच्या पेपरवर रक्ताचे ठिपके बघून घरी आल्या. कांताला म्हणाल्या, "मी वर्गाला हिच्यासाठी टाळ्या वाजवायला लावल्या. मला कळलं नाही. हिला अंबाजोगाईच्या दवाखान्यात दाखवा, तिथं लहान मुलांसाठी एक मॅडम बसतात."

मॅडम तरुण होत्या. बोलायला साध्या. पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या नाहीत, सोनीशी बोलल्या. तिच्याबरोबर जमिनीवर बसल्या. मग मला सांगितलं, याला ओसीडी म्हणतात, जुन्या बोलीत मंत्रचळ. पोरगी वेडी नाही, हट्टी नाही. डोक्यात धोक्याचा भोंगा वाजतो, धोका नसताना वाजतो. हात धुतले की भोंगा थोडा वेळ थांबतो, म्हणून ती धुते. आणि धुतल्यानं भोंग्याला जोर येतो. एक-दोन गोळ्या डॉक्टर देतील, पण खरं काम पोरीलाच करायचं आहे, थोडं थोडं. ज्याची भीती वाटते त्याला हात लावायचा आणि धुवायचं नाही. भोंगा वाजू द्यायचा. तो आपोआप थकतो.

"आणि तुम्ही ओतायचं नाही," त्या मला म्हणाल्या. "झालं, असंही म्हणायचं नाही. तुम्ही पाणी पोरीवर ओतत नाही, तिच्या आजाराला पाजता."

त्यांनी फरशीवर खडूनं शिडी काढली. खालच्या पायरीवर सोपं, वरच्या पायरीवर अवघड. माती, चप्पल, कचऱ्याचा डबा, संडासाचं दार. बहुतेक पोरांची शिडी अशीच असते म्हणाल्या. सोनी उठली. मातीत हात घातला. चप्पल उचलली. कचऱ्याचा डबा दोन्ही हातांनी धरला. बाहेर शेण पडलं होतं, ते न सांगता उचलून आणलं आणि हसली. किती दिवसांनी हसली!

मॅडमनी सगळं नीट बघितलं. मग स्वतःच्या पाण्याची बाटली तिच्यापुढं धरली. "हिला हात लाव."

पोरगी मागं सरकली. भिंतीला जाऊन चिकटली. 

"कावून गं?" मॅडमनी आमच्यासारखं विचारलं.

"माझा हात लागला की तुमचं पाणी खराब हुतंय."

मॅडमनी हातानंच फरशीवरची शिडी पुसली. माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ही घाणीला भीत नाही. हिला वाटतं, घाण हीच आहे. आता हिची शिडी हिच्या मापानं काढावी लागेल."

मी मान हलवली. मला सगळं कळलं होतं. मी कॅलेंडरकडं बघत बसलो.

त्याच दिवशी की पुढच्या वेळी, मॅडमनी तिला सांगितलं की या आजाराला एक नाव दे. म्हणजे तो तुझ्यापासून वेगळा होईल, त्याच्याशी भांडता येईल. इथं कुणी पोरं भुत्या ठेवतात, कुणी भोंगाजी. तू काय ठेवशील?

सोनी म्हणाली, "काकू."

मॅडमना मौज वाटली. "काकू? कुठली काकू गं?"

"अशीच." आणि तिनं माझ्याकडं बघितलं.

"काय म्हणते तुझी काकू?"

"काकू म्हणते, अजून."

मॅडमनी मला विचारलं, "घरात कुणी काकू आहे का? चुलती?"

"न्हाई मॅडम," मी म्हणालो. "पोरांचं काय, काही बी ठिवतेत नाव."

पोरीनं मान खाली घातली. मी खोटं बोलतोय हे त्या खोलीत एकट्या तिलाच माहीत होतं. आणि तिनं मला सांभाळून घेतलं.

नवी शिडी निघाली. खाली आईचा पेला. मग शेजारणीची कळशी. मग शाळेतल्या टाकीचा नळ, मैत्रिणीचा डबा. पोरगी एकेक चढायला लागली. आईच्या पेल्याला बोट लावून बसायची, घामानं भिजायची, "काकू, गप बस" असं पुटपुटायची. पेल्यातलं पाणी कांता तिच्यासमोर पिऊन टाकायची. कांताला दुसरं काही समजत नव्हतं, पण पाणी प्यायचं तिला बरोबर समजलं होतं. शिडीची सगळ्यात वरची पायरी मात्र कोरी होती. मॅडम म्हणायच्या, "हिच्या वर काहीतरी आहे. ही सांगत नाही. तुम्हाला माहीत आहे का?" मी नाही म्हणायचो. आणि पोरगी अर्ध्यावर अडकली. वर जाईना. मग खाली यायला लागली. मैत्रिणीचा डबा सुटला, नळ सुटला, परत भेगा फाटल्या.

एका रविवारी दुपारी मी घरीच होतो. टँकर नुकताच येऊन गेलेला, माठ भरलेला. सोनी तांब्या घेऊन आली.

"पप्पा, वता."

"न्हाई बाळा. मॅडमनी सांगितलंय."

"एकदाच. वरून वता. वरून."

न्हाई म्हणालो. ती रडली नाही. तिनं माझे पाय धरले. डोकं पायावर ठेवलं. अकरा वर्षांची पोर, बापाच्या पायावर डोकं ठेवून पाणी मागत होती. मला बघवलं नाही. तांब्या घेतला, हात वर केला, धार सोडली. ती चोळायला लागली. भेगा उघडल्या. आणि मी विचारलं, मऊ आवाजात, अगदी मायेनं विचारलं,

"अजून?"

माझाच आवाज मला ऐकू आला. हात खांद्याएवढा उंच होता. तांब्या खाली कुठं लागायला नको अशा बेतानं धरलेला. मी असा हात कधी शिकलो? मी तर त्या दिवशी चोळणारा होतो. आता चोळायचं काम पोरगी स्वतःच करत होती, आणि ओतणारी काकू मी झालो होतो. माझ्या घरात, टँकरच्या पाण्यानं, रोज.

तांब्या हातातून पडला. कांता आतून धावत आली. मी तिला काही सांगितलं नाही.

मॅडमना सांगितलं. पोरीला बाहेर बसवून सांगितलं. घागर, पावडर, अजून, म्हशी. हसणं सांगितलं नाही. 

मॅडमचा चेहरा मी असा कधी पाहिला नव्हता. "हे पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"लाज वाटली."

"आणि ती लाज इतके महिने ही पोरगी सांभाळत बसली. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून ती वरच्या पायरीचं नाव घेत नव्हती. मी समजत होते तिला सांगता येत नाही."

 मी विचारलं, "मग तिला तिथं नेऊ का? घागरीला हात लावायला? तीच वरची पायरी ना?"

"नाही," त्या ताडकन म्हणाल्या. "आम्ही मुलांना खोट्या भीतीपुढं उभं करतो. आईच्या पेल्याची भीती खोटी आहे, शाळेच्या नळाची खोटी आहे. त्या अंगणातली भीती खोटी नाही. तिथं तिचा हात लागला की खरंच पाणी ओतून देतात. मी तिला काय सांगू? काही होणार नाही म्हणून सांगू?"

उठल्या आणि फरशीवरच्या शिडीची वरची पायरी पायानं पुसली.

"ही तिची नाही," म्हणाल्या. कुणाची ते बोलल्या नाहीत.

मी लगेच काही केलं नाही. हे पण लिहायला पाहिजे. दादांची गाडी चालवत राहिलो. कागदी कपातला चहा पीत राहिलो. मनात रोज एक भाषण करायचो आणि गाडीचं दार उघडताना गिळून टाकायचो.

परत महालक्ष्म्या आल्या. तीच ओसरी, गेवराईचे नवे पाहुणे, दादांच्या पुतणीचं लग्न जमवायला आलेले. ओट्यावर तीच घागर. नवी असेल असं मला वाटलं होतं. तीच होती, कडेला तोच पोचा. चिंचेनं घासली, विस्तवावरून काढली, झाली शुद्ध. तांब्यापितळेला उपाय असतो. माझ्या पोरीला तेवढाही नव्हता.

माझ्या हातात कागदी कप आला. दादा खुशीत होते. पाहुण्यांना म्हणाले, "आमच्या ड्रायव्हरची पोरगी बघायसारखी हाय. दिवसभर हात धुती. आईच्या हातचं बी चालंना तिला." पाहुणे हसायला लागले. दादांनी मला हाक मारली. "जा बे, घिऊन ये तिला. पाव्हण्यांना दाखवू कशी धुती ती. सोवळ्यातली मांगीण!"

माझ्या तोंडावर ते यायला लागलं. ते हसणं. ओठ आपोआप ताणायला लागले. इतक्या वर्षांचा सराव. मी कप खाली ठेवला आणि तोंड मिटलं. तोंड मिटायला इतका जोर लागतो हे मला माहीत नव्हतं.

"न्हाई," म्हणालो.

"काय न्हाई?"

"न्हाई आणणार. ती कावून धुती ते मीच सांगतो. इथं शिकली ती. ह्याच ओट्यावर. काकू वरून वतत होत्या आन् मी चोळत होतो."

 काकू दारात आल्या. त्यांचा चेहरा खरोखर दुखावल्यासारखा होता. "मी काय वाईट बोलले का रे तिला? लेकरू हाय, असंच म्हणाले की. उलट तू मारत व्हतास."

"व्हय," मी म्हणालो. "मी मारत व्हतो."

मग मी ओट्यावर चढलो. घागरीवरचं झाकण काढलं. दोन्ही हात आत घातले, कोपरापर्यंत. पाणी गार होतं. ज्या हातांनी लेकीला घासलं तेच हे हात. बाहेर काढले आणि म्हणालो, "वता आता. म्हशींना."

दादांनी कानाखाली वाजवली. त्यांच्या पुतण्यानं मागून लाथ घातली, मी ओट्यावरून खाली आलो. जातीवरून जे बोलायचं ते बोलले. "पोरगी येडी, आता बाप बी येडा झाला," दादा पाहुण्यांना म्हणाले. कुणी हसलं की नाही ते मी पाहिलं नाही. मी हसलो नाही. किल्ली खिशात होती, ती ओट्यावर ठेवली. हात पुसले नाहीत. ओले हात घेऊन ओढा ओलांडून घरी गेलो.

नोकरी गेली. कांताला दादांच्या कापसात वेचायला बोलावणं बंद झालं. वस्तीतली चार माणसं येऊन म्हणाली, पोरीच्या आजारापायी सगळ्या वस्तीला कशाला गोत्यात आणतो? माझा भाऊ त्यांच्यात होता. मी पोलिसात तक्रार दिली आहे. मागं घे म्हणून निरोप येतात, कधी गोड, कधी वेगळे. घेणार नाही. अंबाजोगाईला आता एसटीनं जातो.

त्या दिवशी घरी आल्यावर सोनीला समोर बसवलं. कांतालाही. कांताला तेव्हाच पहिल्यांदा कळलं. ती माझ्याशी पुढं बरेच दिवस बोलली नाही, आणि बरोबर केलं. मी पोरीला म्हणालो, त्या दिवशी तुझे हात घाण नव्हते. मी घासले ते चुकीचं केलं. आज मी त्या घागरीत हात घातला.

तिनं विचारलं, "वतली का त्यांनी?"

"वतली असंल."

"मग तुमचे हात कुणी धुतले?"

"कुणीच न्हाई. मी धुऊ दिले न्हाईत."

ती माझ्या हातांकडं खूप वेळ बघत बसली. मग उठली, मोरीत गेली आणि स्वतःचे हात धुवायला लागली. मला वाटलं होतं थांबेल. नाही थांबली. मॅडम म्हणतात, तुम्ही एका दिवसात घातलं नाही हे, रोज घातलं. निघायलाही रोज लागेल. आता ती ओतायला मात्र मला बोलावत नाही. बोलावलं तरी मी तांब्या उचलत नाही. मोरीच्या दारात बसतो. तिची काकू ओरडत असते, ती चोळत असते, मी बसतो. झालं म्हणत नाही. अजून म्हणत नाही.

परवा माठातून तिनं स्वतः पेला भरून कांताला दिला. अर्धं सांडलं. कांता उरलेलं प्यायली. मग सोनी माझ्याकडं वळली. मला वाटलं मलाही पाणी देते.

म्हणाली, "पप्पा, त्या दिवशी तुमी हसलात कावून?"

मी उत्तर दिलं नाही. मला येत नव्हतं असं नाही. भीती वाटत होती म्हणून हसलो. दादांना वाईट वाटू नये म्हणून हसलो, तुला काय वाटेल ते मनातही आलं नाही, म्हणून हसलो. हे कागदावर आता लिहिता आलं. तिच्या तोंडाकडं बघून बोलता आलं नाही. ती पेला घेऊन आत गेली.

ते उत्तर मी तिचं देणं लागतो. तिच्यासमोर, तोंडानं, न हसता. अजून दिलेलं नाही.